खालच्या फळीवरचं कौल

रविवारी सकाळचा खेळ, शाळेसाठी निम्मं तिकीट.
चांगाप्पा मास्तर म्हणाले, लुमाण्णा, तू चल गा सोबतीला,
चाळीस पोरं, खानापूर ते बेळगाव, एकट्यानं आवरायची नाहीत.
भट्टीला सुट्टी होती. गेलो.

अक्षतानं ते पुस्तक तीनदा वाचलेलं,
वाचनालयाचं, पाठीला खाकी पट्टी चिकटवलेली.
नदीकाठची एक मुलगी आणि एक पाणमांजर.
पुस्तक मराठी, सिनेमा निघाला कन्नडमध्ये,
आणि पडद्यावर पहिल्याच वाक्याला
पाणमांजराचं नीरुनायी झालं.
"बाबा, नायी म्हणजे कुत्रा ना?"
होय की.
"मग पुस्तकात मांजर कसं?"
मागून कुणीतरी शू म्हणालं.
पडद्यावर ते जनावर
मासा दोन्ही हातांत धरून डोक्याकडून खात होतं,
आपल्याला काय म्हणतात याची त्याला काही पडलेली नव्हती.

मध्यंतराच्या आधी खलनायक आला.
काळी गाडी, गळ्यात बोटाएवढी चेन,
नदीकाठची माती उकरून नेणारा,
जंगल जाळून कौलं भाजणारा.
सगळी पोरं ओरडली.
आमच्या मालकाच्या गळ्यात चेन नाही. त्याला शुगर आहे,
सायकलवरून येतो, पगाराच्या दिवशी आधी स्वतः पाणी पितो.
पण माती ती माती.
अक्षतानं पडद्यावरची नजर काढून माझ्या हातांवर आणली,
नखांच्या कडेची जी तांबूस रेघ
साबणानं जात नाही, तिच्यावर.
मी पॉपकॉर्नचा पुडा तिच्याकडे दिला
आणि हात मांड्यांखाली घेतले.

एक सांगायचं होतं, सांगितलं नाही :
ती मुलगी जिथं ओसरीवर बसून शपथ घेते
त्या घरावरची कौलं आमच्याच भट्टीची.
लांबून ओळखतो मी. कडेची खाच.

शेवटी ते जनावर परत आलं, तीन पिलं घेऊन.
गाणं लागलं, खलनायक रडला, त्यानं रोप लावलं,
आया पदरानं डोळे टिपत उठल्या.
अक्षता उठेना.
"खोटं आहे. पुस्तकात ते येतच नाही.
शेवटच्या पानावर नुसता ठसा असतो चिखलात,
पाच बोटांचा, मधे पडदा.
ती मुलगी त्यात पाणी साठताना बघत बसते."
मास्तर म्हणाले, अगं, लहान मुलांना रडवून घरी पाठवतात का?
ती म्हणाली, मी रडले नव्हते.

परतीला मलप्रभेच्या पुलावर बस अडकली,
पुढं मातीचा ट्रॅक्टर बंद पडलेला.
चाळीस पोरं एकाच बाजूच्या खिडक्यांना.
खाली पाणी कमी, म्हशी जास्त.
काठाला आम्ही खणलेले चौकोन,
काहींत शेवाळ, एकात आभाळ.
अक्षता बराच वेळ बघत होती.
"बाबा, ठसा उमटायला चिखल तरी ठेवाल ना?"
ट्रॅक्टर माझ्या ओळखीचा होता.
उतरून ढकलायला गेलो.

बुधवारी पहाटे, सुकायला मांडलेल्या कौलांत,
अगदी खालच्या फळीवर, ओल्या मातीत एक पाऊल.
मुकादम म्हणाला, मोड ते, परत चिखलात टाक.
मी बोटं मोजली. चार.
भट्टीचं कुत्रं असणार, रात्री उबेला येतं.
परत मोजली.
मग बाकीच्यांबरोबर तेही आत रचलं,
मधल्या थरात, जिथं आच सारखी लागते.

घरी आणलं तेव्हा अक्षतानं त्यात बोट घातलं.
"चारच?"
चारच.

तिच्या अंथरुणावरचं एक कौल फुटलंय,
हे तिथं बसवायचं, असं तिचं म्हणणं.
ठसा वर केला तर पावसाला आणि कावळ्यांना दिसणार,
खाली केला तर गळणार.
मी शिडीवर उभा, कौल हातात.
ती खालून सांगते,
"खालीच कर, बाबा. मी पातेलं ठेवते."